मलय विद्या आणि आपली लेणी

मलय समाज म्हणजे इस्लामी समाज, त्यात आपले काय, असे आम्हांला वाटायचे. सिंगापुरात १९५३ साली मलाया विद्यापीठात मलय अभ्यासाचा विभाग निघाला. पण जुनी मलय भाषा शिकायची, तर बौद्ध श्रीविजय राज्याच्या ६८३ सालच्या शिलालेखाकडे जावेच लागते. तो १९२० साली सुमात्रात, पालेम्बांगजवळ सापडला. नालंदेला जाताना चिनी भिक्खू इत्सिंग ६७१ साली श्रीविजयातच सहा महिने संस्कृत शिकले. पुढे सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधला.

आपल्याकडे नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत राहिले. पण भिक्खुसंघाला दिलेली दाने भिंतींवरच कोरलेली आहेत बरं का! नाव बदलले तरी दगडावरचे अक्षर राहते. धम्मबांधवांनो, मुलांना ते वाचायला शिकवू या.