गाठ तीच, कूळ निराळे

रब्बीत धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शेतात हरभऱ्याचे रोप मातीसकट हलकेच उपटले, की मुळांवर गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. १८८८ मध्ये बायरिंक यांनी असे जिवाणू वेगळे केले. १८८९ मध्ये फ्रँक यांनी ‘रायझोबियम’ हे नाव दिले.

पुढे अनेक दशके, गाठी कोणत्या पिकावर येतात यावरून जिवाणूंची जात ठरे. पण गाठी घडवणारी जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. मग यजमानावरून पाहुण्याचे कूळ कसे ओळखावे?

१९७७ मध्ये कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून नाती शोधली. हा रेणू सर्व जिवाणूंत असतो आणि फार सावकाश बदलतो. अशाच क्रमवाचनाच्या आधारे, १९९४ मध्ये ‘रायझोबियम सिसेरी’ म्हणून नोंदलेला हरभऱ्याचा जिवाणू १९९७ मध्ये ‘मेसोरायझोबियम’ या नव्या प्रजातीत गेला.

जुनी पद्धत मात्र निरुपयोगी ठरली नाही. सोयाबीनचे जिवाणू-संवर्धक हरभऱ्याला चालत नाही, हे शेतकऱ्याला आजही कळायलाच हवे. प्रश्न दोन आहेत : उपयोगाचा आणि नात्याचा. वर्गीकरण शिकवताना आम्ही हा फरक सांगतो. नुसती नावे पाठ करून घेत नाही.