नियंत्रण, निर्मूलन, दुरीकरण : भंडारा जिल्ह्यातील हिवताप-हत्तीरोग यंत्रणेचे नामांतर व भागीदारी

प्रस्तावना

शासकीय यंत्रणेचे नाव बदलले की पाटी, शिक्का आणि पत्रव्यवहाराचा कागद तेवढा बदलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात ती अपुरी ठरते. तेथे नाव हे उद्दिष्टाचे निवेदन असते आणि त्या उद्दिष्टावरून मनुष्यबळ, निधी व सहकारी संस्था ठरत जातात. डासांमुळे पसरणाऱ्या रोगांविरुद्ध स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिलेल्या यंत्रणेची नावे अनेकदा बदलली. या नामांतराचा व त्यासोबत बदलत गेलेल्या भागीदारीचा अर्थ भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा आहे. पूर्वीच्या काळी कोहळी समाजाने बांधलेले व पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले जलाशय येथील शेतीचा कणा होते. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस डासाला तुलनेने स्वच्छ पाणी मानवते आणि रोवणीनंतरच्या बांधीत ते आयतेच मिळते. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास मात्र गटारे, सेप्टिक टाक्या व साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. त्यामुळे शिवार आणि वस्ती या दोन्ही ठिकाणी यंत्रणेला वेगवेगळ्या शत्रूशी सामना करावा लागला.

या काळात जिल्ह्याची प्रशासकीय ओळखही स्थिर नव्हती. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

नियंत्रणाकडून निर्मूलनाकडे

कार्यक्रमाच्या आरंभी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो व आठ लाख लोक दगावतात, असा अंदाज होता. घरांच्या भिंतींवर डी.डी.टी.ची फवारणी हे प्रमुख साधन होते. या टप्प्यातील भागीदारी मुख्यतः आंतरराष्ट्रीय होती. अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्यातून कीटकनाशक मिळाले, तर देशात डी.डी.टी. तयार करण्यासाठी १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीला युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य लाभले.

१९५५ साली जागतिक आरोग्य सभेने हिवतापाच्या निर्मूलनाचा ठराव केला. त्याला अनुसरून १९५८ साली भारतीय कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले. हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. नियंत्रणाचे काम अखंड चालणारे असते, निर्मूलनाला शेवट असतो. म्हणून आक्रमण, दृढीकरण व निगराणी असे टप्पे आखले गेले. शेवटच्या टप्प्यात हे काम सर्वसाधारण आरोग्य सेवेकडे सोपवायचे होते.

१९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. परंतु ज्या ग्रामीण आरोग्य सेवेवर पुढची भिस्त होती, ती अनेक ठिकाणी पुरेशी उभी राहिलेली नव्हती. डासांमध्ये कीटकनाशकाला प्रतिकार निर्माण झाला, पुरवठा अनियमित झाला आणि दक्षता सैल पडली. १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. निर्मूलनाच्या नावाने आलेला आत्मविश्वासच या शैथिल्याचे एक कारण ठरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पराभवानंतरची भाषा

१९७७ साली सुधारित कार्ययोजना आली. मृत्यू टाळणे व रुग्णसंख्या कमी करणे एवढे माफक ध्येय तिने ठेवले. नावात मात्र ‘निर्मूलन’ हा शब्द पुढे दोन दशके तसाच राहिला. उद्दिष्ट आणि नाव यांच्यातील ही विसंगती १९९९ साली ‘राष्ट्रीय हिवताप विरोधी कार्यक्रम’ हे नाव स्वीकारल्यावर दूर झाली. तत्पूर्वी १९९७ पासून जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्रासह काही राज्यांत वर्धित हिवताप नियंत्रण प्रकल्प सुरू झाला होता. २००३-०४ मध्ये हिवताप, हत्तीरोग, डेंग्यू आदी रोग एकत्र आणून ‘राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम’ अस्तित्वात आला. अर्धशतकानंतर ‘नियंत्रण’ हा शब्द पुन्हा नावात परतला.

गावपातळीवरही नामांतर झाले. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर हिवतापापुरते काम करणारा कर्मचारी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी झाला. घरोघरी जाऊन तापाचा रुग्ण शोधणे व रक्तनमुना घेणे हे त्याचे काम अनेक कामांपैकी एक बनले. जिल्ह्यातील पद मात्र आजही ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ असेच आहे. लोकांच्या दृष्टीने ते ‘हिवतापाचे ऑफिस’च राहिले.

हत्तीरोग : भागीदारीची खरी कसोटी

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ सालचा. त्याचा भर शहरांवर होता. या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तप्रवाहात मोठ्या संख्येने आढळत असल्याने रात्र चिकित्सालये व रात्रीची रक्त तपासणी ही त्याची ओळख बनली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हा पूर्व विदर्भाचा पट्टा रोगग्रस्त असूनही येथील बहुसंख्य लोकवस्ती खेड्यांत होती. शहरकेंद्री कार्यक्रमाचा लाभ तिला मर्यादितच मिळणार होता.

२००४ पासून देशभर सार्वत्रिक औषधोपचार मोहीम सुरू झाली. रोगग्रस्त जिल्ह्यातील पात्र व्यक्तींनी, रोग नसला तरी, वर्षातून एकदा डी.ई.सी.ची मात्रा घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. पुढे तिला अल्बेंडेझोलची जोड मिळाली. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा प्रयोग झाला. या औषधांच्या जागतिक पुरवठ्यात औषध कंपन्यांच्या देणग्यांचा मोठा वाटा आहे. तथापि, गोळी गावात पोहोचणे आणि ती पोटात जाणे यांत अंतर असते. निरोगी माणूस औषध घ्यायला कचरतो. शरीरातील जंतू मरू लागल्यावर येणारा ताप किंवा मळमळ हा औषधाचाच अपाय समजला जातो. म्हणून वाटप न करता समक्ष सेवन करून घेण्याचा आग्रह धरावा लागला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर आलेली आशा स्वयंसेविका येथे निर्णायक ठरली, कारण गोळी पुढे करणारी व्यक्ती घरच्यांच्या ओळखीची होती. ‘कोरडा दिवस’ पाळणे, गप्पी मासे सोडणे यांसारखे उपायही ग्रामपंचायत व कुटुंब यांच्या सहभागाशिवाय अशक्य आहेत.

या मोहिमेचे मराठी नाव ‘हत्तीरोग दुरीकरण’. ‘निर्मूलन’ म्हणजे रोग जगातून नाहीसा होणे, तर ‘दुरीकरण’ म्हणजे विशिष्ट प्रदेशात त्याचा प्रसार ठरावीक मर्यादेखाली आणणे. शब्द अधिक प्रामाणिक झाला, मुदत मात्र हुकत राहिली. २००२ च्या आरोग्य धोरणाने २०१५, तर २०१७ च्या धोरणाने २०१७ हे वर्ष ठरवले. पुढे २०२७ हे लक्ष्य जाहीर झाले.

समारोप

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, नावाने सामर्थ्यापेक्षा मोठे वचन दिले तेव्हा त्याची किंमत गावाने मोजली. १९५८ ते १९७६ हा कालखंड त्याची साक्ष देतो. दुसरा असा की, कीटकनाशक व कर्ज देणारी भागीदारी आवश्यक असली तरी ती पुरेशी ठरली नाही; विश्वासाचा दुवा गावातच निर्माण करावा लागला.

एक प्रश्न मात्र उरतो. ज्याच्या पायाला आधीच कायमची सूज आली आहे, त्याचा पाय मोहिमेतील गोळीने पूर्ववत होत नाही. त्याला पायाची नियमित स्वच्छता, जखमांची काळजी आणि अंडवृद्धी असल्यास शस्त्रक्रिया लागते. प्रसार थांबला असे उद्या घोषित झाले तरी हे रुग्ण पुढील कित्येक वर्षे आपल्या घरी असतीलच. ‘दुरीकरण’ रोगाचे व्हावे, रुग्णाचे नव्हे. यापुढील कोणत्याही नामांतराचे मूल्यमापन या कसोटीवर होणे इष्ट आहे.