कुत्र्याची जुनाट खाज : निदानाचा क्रम

खाजवणाऱ्या कुत्र्याला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की दोन दिवसांत घर शांत होते. पुढे खाज परत येते; दाह दबला तरी मूळ तसेच असते. हे मूळ एका तपासणीत सापडत नाही. एकेक शक्यता बाद करत जावे लागते, आणि तो क्रम मोडला की पुढचे प्रत्येक निदान डळमळते.

पहिला मान पिसवांचा. अंगावर पिसू दिसली नाही एवढ्यावरच पुष्कळ मालक त्यांना निर्दोष सोडतात. पण ॲलर्जी असते ती पिसवेच्या लाळेची. त्यासाठी मोजके चावे पुरतात, आणि सतत चाटणारा कुत्रा पिसवा गिळूनही टाकतो. म्हणून आधी जागा पाहावी. शेपटीचे मूळ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू उघडी पडली असेल, तर संशय त्यांच्यावरच. केसांतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झाडावी. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. प्रौढ पिसवा एकूण पिलावळीच्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष सतरंजीत, सोफ्याच्या फटींत. कोष महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांवर निदान तीन महिने उपचार हवा. (कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला मात्र लावू नये, जिवावर बेतते.)

मग लूत. सार्कोप्टिस नावाचा सूक्ष्म किडा कानांच्या कडा, कोपरे आणि पोट इथल्या त्वचेत बिळे करतो. त्वचा खरवडून तपासली तरी तो अनेकदा निसटतो. तेव्हा संशयावरून उपचार करून पाहणे रास्तच. घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर तो मोठा सुगावा. जळके ऑइल किंवा रॉकेल चोळण्याचा गावठी उपाय निव्वळ घातक आहे, कारण कुत्रा ते चाटतो.

तेलकट त्वचा आणि कुबट वास हे जिवाणू किंवा यीस्टच्या संसर्गाचे लक्षण. तो बहुधा दुसऱ्याच कारणाच्या पाठीवर बसून येतो. क्लोरहेक्झिडिनचा शाम्पू १० मिनिटे अंगावर ठेवावा.

खाज वर्षभर असेल तर आहार तपासावा. इथे रक्ताच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. किमान ८ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचा किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला) आहार द्यावा आणि मग जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहावे. खाज उलटली तरच निदान पक्के. हा प्रयोग बिघडतो तो शास्त्राने नव्हे, आजीने चहात बुडवून दिलेल्या बिस्किटाने.

एवढे सगळे निकालात निघाल्यावर उरते ती ॲटोपी, म्हणजे भोवतालच्या वातावरणातल्या घटकांची ॲलर्जी. ती बहुधा ६ महिने ते ३ वर्षे या वयात सुरू होते आणि पंजे, काखा, कान, तोंड धरते. ती बरी होत नाही, आटोक्यात राहते. ओक्लॅसिटिनिबच्या गोळ्या किंवा लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन खाजेचा संदेश अडवतात. तरीही पिसवांचा बंदोबस्त थांबवता येत नाही, कारण खाजेची कारणे एकमेकांत मिळवली जातात. एकटी ॲटोपी कुत्र्याला सोसवते. तिच्यावर चार पिसवांची भर पडली की सहनशक्तीची मर्यादा ओलांडली जाते, आणि मालक म्हणतो, गोळी लागू पडेनाशी झाली.