दीडशे फुलं आणि एक पट्टी

मशीन लर्निंगचा कुठलाही कोर्स केला असेल, तर आयरिसची वेगळी ओळख करून द्यायला नको. दीडशे ओळी, चार आकडे, तीन जाती. बाहेरच्या दलाची (म्हणजे सेपलची) लांबी-रुंदी आणि पाकळीची लांबी-रुंदी. पण हे आकडे कोणी आणि कशासाठी मोजले, ते कोर्समध्ये कोणी सांगत नाही. मी शोधत गेलो, तर एक धागा चक्क आपल्या नागपूरला जाऊन पोचला!

मोजणारा माणूस एडगर अँडरसन, अमेरिकेतल्या मिसुरी वनस्पती उद्यानातला वनस्पतीशास्त्रज्ञ. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका ही निळी आयरिस दिसायला इतकी सारखी, की त्या दोन जाती आहेत की एकच, असा घोळ होता. तिसरी सेटोसा. व्हर्सिकलर ही बाकीच्या दोघींच्या संकरातून आली असावी, असा त्याचा अंदाज होता. सेटोसा आणि व्हर्सिकलरची फुलं तर त्याने कॅनडातल्या गास्पे द्वीपकल्पावर एकाच कुरणातून, एकाच दिवशी गोळा केली. म्हणजे माती, हवा, मोजणारा हात, सगळं सारखं. फरक दिसला तर तो फुलांचाच.

आता आकडे बघा. सेटोसाची पाकळी १.० ते १.९ सेंटीमीटर, ती लगेच वेगळी पडते. व्हर्सिकलरची ३.० ते ५.१ आणि व्हर्जिनिकाची ४.५ ते ६.९. म्हणजे पाकळी ४.८ सेंटीमीटर निघाली तर? एकटी पट्टी इथे हात टेकते.

१९३६ मध्ये रोनाल्ड फिशरने हेच आकडे घेतले. चारही मापांना असं वजन द्यायचं, की बेरीज केल्यावर जाती एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब जातील. हीच पद्धत आज तिन्ही जातींवर चालवली, तर १५० पैकी फक्त ३ फुलं चुकतात. घरी करून बघा, पाच ओळींचा कोड आहे.

आता नागपूर. १९२० साली तिथे इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांना झूलॉजिकल सर्व्हेचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल भेटले. कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं त्यांच्याकडे पडून होती, ती तपासायचं काम त्यांनी महालनोबिसांना दिलं. त्यातूनच पुढे, योगायोगाने १९३६ मध्येच, 'महालनोबिस अंतर' आलं. कल्पना साधी आहे. लांब पाकळी बहुतेक रुंदही असते. मग दोन्ही फरक वेगवेगळे मोजले, तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होतं. हा आपसातला संबंध वजा करून उरतं ते खरं अंतर.

म्हणजे तेच गणित, एकीकडे फुलांसाठी आणि दुसरीकडे माणसांसाठी. मला अडखळायला झालं ते इथे. फिशरचा लेख छापून आला होता 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात, आणि 'चांगल्या वंशा'च्या त्या विचाराचा तो स्वतः पुरस्कर्ता होता. २०२० मध्ये केंब्रिजच्या कीझ कॉलेजने त्याच्या सन्मानार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी काढायचं ठरवलं, ते यामुळेच. आयरिसऐवजी पेंग्विनचा डेटा वापरा, असंही तेव्हापासून सुचवलं जातंय.

पण डेटा बदलून मूळ प्रश्न सुटत नाही. फिशरच्या पद्धतीला गट आधी सांगावे लागतात. तुम्ही कुठलीही दोन लेबलं द्या, ती त्यांच्यामधली त्यातल्या त्यात बरी रेघ काढून देते. ती लेबलं खरी आहेत का, हे ती विचारत नाही. आयरिसच्या बाबतीत साक्ष बाहेरून आली: सेटोसाची गुणसूत्रं ३८, व्हर्जिनिकाची ७०, व्हर्सिकलरची १०८. बेरीज करा! अँडरसनचा अंदाज पट्टीच्या बाहेर जाऊन पक्का झाला. माणसांच्या जातींना असली कुठली साक्ष नाही.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर लोकलने वाशीचा पूल ओलांडताना खाडीकाठची तिवरं बघा. इथली बहुतेक झाडं अ‍ॅव्हिसेनिया मरिना, पण तिची बहीण ऑफिसिनॅलिसही ठाण्याच्या खाडीत आहे. पानाची लांबी मोजून दोघींना वेगळं करायला गेलात तर फसाल, कारण जास्त खारट जागी तेच तिवर खुरटतं आणि पानंही लहान राहतात. म्हणजे पट्टी मोजते खारटपणा, आणि आपण लिहितो जात. ऑफिसिनॅलिसचं फूल मात्र बरंच मोठं असतं आणि पानाचं टोक गोलसर. फुलोरा येईपर्यंत थांबलेलं बरं.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. कायद्याला सगळी खारफुटी सारखीच, आणि संरक्षणासाठी ते योग्यच आहे. पण तोडलेल्याच्या बदल्यात नवी लावायची वेळ येते तेव्हा कुठली होती आणि कुठली लावली, हे कळायला हवं. ते चुकलं तर कागदावर जंगल भरून निघेल आणि खाडीतली एक जात गुपचूप कमी होईल.

आपण रोज कसली ना कसली वर्गवारी करणारा कोड लिहितो. ग्राहक, कर्ज, बायोडेटा. अ‍ॅक्युरसी ९८ टक्के आली की चहा प्यायला मोकळे. पुढच्या वेळी मी तरी आधी विचारणार आहे, की ही लेबलं कोणी लावली, आणि पट्टीखेरीज त्यांना दुसरा साक्षीदार आहे का?