निवृत्तिवेतन : स्वीकाराचा काळ व वारसांचे हक्क

दीर्घ सेवेनंतर उदरनिर्वाहासाठी नियमितपणे मिळणाऱ्या रकमेस निवृत्तिवेतन आणि सेवकाच्या मृत्यूनंतर त्याच्या आश्रितांस मिळणाऱ्या रकमेस कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात. ही रक्कम किती हा जसा प्रश्न आहे, तसाच ती केव्हा स्वीकारावयाची, तिचा काही भाग एकरकमी घ्यावयाचा की नाही आणि सेवकामागे ती कोणाकडे जावयाची, हाही आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा सेवक स्वतः देतो, त्यांचे परिणाम मात्र पुष्कळदा त्याची विधवा भोगते. महाराष्ट्रातील निवृत्तिवेतनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

मराठी राज्यात कामी आलेल्या शिपायाच्या कुटुंबाची तरतूद ही राज्याची जबाबदारी मानली जाई. अफझलखानाच्या वधानंतर (१६५९) शिवाजी महाराजांनी मृतांच्या मुलांना चाकरीत घेतले आणि ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना निमे वेतन चालविले, असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. पेशवाईच्या कागदपत्रांत अशा तरतुदीसाठी ‘बालपरवेशी’ हा शब्द येतो. वतने, इनामे व नेमणुका यांचा वारसहक्क सनदेच्या शब्दांवर अवलंबून असे. सनदेत ‘वंशपरंपरा’ लिहिले असेल, तर उत्पन्न पुढील पिढीकडे जाई.

शब्दांचे हे महत्त्व दुसऱ्या बाजीरावाच्या प्रकरणात सर्वांत ठळकपणे दिसले. जून १८१८ मध्ये बाजीराव जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्यास वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक कबूल करण्यात आली. तो कानपूरजवळ ब्रह्मावर्त (बिठूर) येथे राहिला आणि २८ जानेवारी १८५१ रोजी वारला. या साडेबत्तीस वर्षांत त्यास अडीच कोटींहून अधिक रुपये पोहोचले. दत्तक पुत्र नानासाहेब याने नेमणूक पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. नेमणूक बाजीराव व त्याचे कुटुंब यांच्या निर्वाहासाठी होती आणि ती राज्य सोडल्याचा मोबदला होती, असे त्याचे म्हणणे होते. गव्हर्नर जनरल डलहौसी याने ही नेमणूक केवळ बाजीरावाच्या हयातीपुरती असून त्याने मागे पुरेशी संपत्ती ठेवली आहे, असे ठरविले. कंपनीच्या संचालकांनीही हाच निर्णय कायम केला. १८५३ मध्ये नानासाहेबाने अजिमुल्ला खान यास लंडनला पाठविले, पण उपयोग झाला नाही. या नकाराचा १८५७ च्या उठावाशी असलेला संबंध इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिला आहे. नेमणूक स्वीकारतेवेळी वारसाचा उल्लेख निःसंदिग्ध करून न घेतल्याचे हे बहुधा सर्वांत महागडे उदाहरण ठरेल.

ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या सैनिकांसाठी मात्र १७७० पासूनच लॉर्ड क्लाइव्ह निधीतून अपंग सैनिक व विधवा यांना वेतने दिली होती. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने दोन परस्परविरोधी गोष्टी केल्या. निवृत्तिवेतनासंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयात सहजासहजी चालू नयेत, अशी व्यवस्था झाली. त्याचबरोबर शासकीय निवृत्तिवेतन सावकाराच्या जप्तीपासून मुक्त ठेवण्यात आले. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा आहे, ही वसाहतकालीन समजूत पुढे सु. शंभर वर्षे टिकली. सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात (१९७१) निवृत्तिवेतन हा सेवकाचा मालमत्तेसारखा हक्क असल्याचे सांगितले. नकारा खटल्यात (१७ डिसेंबर १९८२) निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये भेद करणारी तरतूद न्यायालयाने रद्द केली.

विधवांचा प्रश्न यापेक्षा हळू सुटला. १ जानेवारी १९६४ पासून केंद्र शासनाने कुटुंब निवृत्तिवेतन योजना अंमलात आणली. महाराष्ट्रातही ती आली व महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत समाविष्ट झाली. त्यापूर्वी विधवेस मिळणारे वेतन मर्यादित काळापुरते असे. नव्या योजनेत ते आजन्म झाले, परंतु केंद्राच्या योजनेत सेवकास आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी वर्गणी सोडावी लागे. ही वर्गणी टाळण्यासाठी काहींनी योजना नाकारली, तर काही त्यापूर्वीच निवृत्त झाले होते. २२ सप्टेंबर १९७७ पासून वर्गणीची अट गेली, पण या लोकांच्या विधवा तशाच राहिल्या. त्यांना त्या तारखेपासून कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे, हे पूनमल खटल्यात (१९८५) ठरले. पतीने एका सहीने केलेली निवड पत्नीवर किती काळ बंधनकारक असावी, हा प्रश्न या खटल्यामागे होता.

राज्य शासनाच्या बहुतांश सेवकांचे निवृत्तीचे वय ५८ वर्षे असून चतुर्थ श्रेणीसाठी ते ६० आहे. वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. निवृत्ती ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्याच्या अखेरच्या दिवशी येते, मात्र जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. ग्रामीण महाराष्ट्रात या नियमास विशेष अर्थ आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसलेल्या असंख्य मुलांची तारीख गुरुजींनी १ जून अशी लिहिली, आणि ती सारी पिढी ३१ मे रोजी निवृत्त होत आली. वार्षिक वेतनवाढ १ जुलै रोजी देय असते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यास वर्षभराच्या सेवेची ती वेतनवाढ मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केले. १ जूनवाल्यांचा लाभ एका महिन्याने हुकला.

निवृत्तीच्या वेळी करावयाची खरी निवड अंशराशीकरणाची होय. निवृत्तिवेतनाचा कमाल ४० टक्के भाग विकून एकरकमी रक्कम घेता येते. केंद्र शासनाच्या सहाव्या वेतन आयोगानंतरच्या कोष्टकात पुढील वाढदिवशी ५९ वर्षे पूर्ण करणाऱ्यासाठी ८.३७१ हा गुणक आहे. म्हणजे दरमहा १,००० रुपये सोडणाऱ्यास १,००,४५२ रुपये मिळतात. १५ वर्षांनी तो भाग पूर्ववत होतो (कॉमन कॉज खटला, १९८६) आणि तोपर्यंत १,८०,००० रुपये कापले गेलेले असतात. एवढ्यावरून अंशराशीकरण तोट्याचे म्हणता येत नाही, कारण ते सु. आठ टक्के व्याजाच्या कर्जासारखे पडते. शिवाय निवृत्त व्यक्ती मध्येच वारली, तर राहिलेली रक्कम वारसांकडून वसूल होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनावर ठरत असल्याने त्यात घट होत नाही. प्रकृती नाजूक असलेल्याने अंशराशीकरण टाळावे, हा कचेऱ्यांतून ऐकू येणारा सल्ला म्हणूनच उलटा आहे. वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यानंतर लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी हा तालुका या विषयाच्या अभ्यासास सोयीचा आहे, कारण निवृत्तीच्या निरनिराळ्या व्यवस्था येथे एकमेकींशेजारी नांदतात. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे शासकीय धर्तीचे निवृत्तिवेतन असलेला वर्ग येथे आला. डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखान्यामुळे भविष्य निर्वाह निधीचे सभासद असलेला कामगारवर्ग वाढला. मुळेच्या पाण्यावरील शेतीत राबणाऱ्या मजुरास यांपैकी काहीच नाही. विद्यापीठात १९७० च्या सुमारास रुजू झालेली पिढी नव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवृत्त झाली. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. परिभाषित अंशदान योजना आली व पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत विलीन झाली. तीत जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यावी लागते. आपल्यापुरतीच वार्षिकी घेतल्यास दरमहा अधिक मिळते, पण पत्नीस मागे काही राहत नाही. जोडीदारासह व खरेदी-किंमत परत मिळणारी वार्षिकी घेतल्यास दरमहा कमी मिळते. ही निवड एकदा झाली की सहसा बदलता येत नाही. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांचा संप या बदलाविरुद्ध होता. सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग त्याच वर्षी खुला झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेच्या स्वीकाराचा निर्णय घेतला.

कारखान्याच्या कामगाराची स्थिती वेगळी आहे. १ मार्च १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत फक्त वारसांना वेतन होते. १६ नोव्हेंबर १९९५ च्या योजनेने ते कामगारासही दिले. सरासरी वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक वेतन निघते. किमान दहा वर्षांची सेवा लागते व वीस वर्षे झाल्यास दोन वर्षे अधिक धरतात. हंगामी कामगाराच्या बाबतीत एका वर्षातील प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली, तरी ती पूर्ण वर्ष मानली जाते. साखर कारखान्यांच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे, तथापि तिची माहिती अनेकांना नसते. दहा वर्षांच्या आत काम सुटले की कामगार बहुधा रक्कम काढून घेतो व त्याबरोबर ती सेवाही पुसली जाते. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतल्यास पुढच्या नोकरीची वर्षे मागील वर्षांना जोडली जातात.

पूर्ण वेतन ५८ व्या वर्षी मिळते. नोकरी सुटलेल्यास ५० पासून ते मागता येते, पण प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात होते. उलट ६० पर्यंत थांबल्यास वर्षाला चार टक्के वाढ मिळते. एक वर्ष आधी मागणाऱ्यास बारा हप्ते आधी मिळतात व ती आघाडी भरून निघण्यास २८८ महिने, म्हणजे २४ वर्षे लागतात. हे वेतन महागाईशी जोडलेले नाही. केवळ हिशेबाने पाहता लवकर मागणे बहुतेकांस लाभाचे वाटेल. परंतु निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर सभासद वारला, तर विधवेस त्याच्या त्या वेळच्या वेतनाच्या निम्मे मिळते आणि कपात अशा रीतीने तिच्याकडेही येते. १ सप्टेंबर २०१४ पासून निवृत्तिवेतन किमान १,००० रुपये झाले व ते विधवेसही लागू झाले, त्यामुळे अल्पवेतनी कामगाराच्या बाबतीत हा फरक पुष्कळसा बुजतो. पत्नी वयाने बरीच लहान असेल आणि वेतन या मर्यादेपेक्षा बरेच अधिक असेल, तर थांबणे योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा योजनेत (१९३५, वारसांसाठी १९३९) ६२ ते ७० या वयांदरम्यान अशीच निवड करावी लागते. तेथे उशिरा घेण्याचा लाभ जोडीदारास पोहोचतो व रक्कम महागाईबरोबर वाढते, त्यामुळे थांबण्याचे पारडे तेथे अधिक जड आहे.

प्रत्यक्ष वेतनावर वर्गणी भरून अधिक निवृत्तिवेतन घेण्याचा पर्याय हाही वादाचा विषय झाला. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी चार महिन्यांची मुदत दिली, ती वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना मात्र हा लाभ नाकारण्यात आला.

शेतमजूर व निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना (१९८०) आणि ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये त्यांतील मासिक रक्कम १,५०० रुपये करण्यात आली. अर्ज तहसील कचेरीत करावा लागतो व वयाच्या पुराव्यापाशी तो बहुधा अडतो. हे साहाय्य व्यक्तीस आहे, कुटुंबास नाही. लाभार्थी वारला की ते थांबते आणि विधवेस आपल्या नावाने नवा अर्ज करावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षांचा कर्ता माणूस वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. त्यासाठीचा अर्जही त्याच कचेरीत द्यावा लागतो.