फुप्फुस पुनर्वसन

दीर्घकालीन श्वसनविकाराच्या (पहा : श्वसन तंत्र) रुग्णासाठी तपासणीनंतर आखलेला व्यायाम व शिक्षणाचा कार्यक्रम. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस पेटी यांनी त्याला संघटित रूप दिले. आरंभी रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालतो ते मोजतात. मग साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, देखरेखीखाली चालणे, हातापायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे. धाप लागणाऱ्याने विश्रांतीच घ्यावी, हा आक्षेप टिकत नाही : बसून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. फुप्फुसाची मूळ क्षमता या कार्यक्रमामुळे फारशी सुधारत नाही, हे खरे; तरी २०१५ च्या कॉक्रन आढाव्यातील ६५ चाचण्यांनी धाप, थकवा आणि चालण्याची ताकद यांत लाभ दाखवला. चुलीच्या धुराने (पहा : वायुप्रदूषण) आजारलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांनाही हा उपचार लागू आहे.