निओप्रीनची कुळकथा

जी वस्तू दुसऱ्या एखाद्या वस्तूची उणीव भरून काढण्यासाठी जन्मास येते, तिला ती उणीव संपताच बहुधा विस्मरणात जावे लागते. निओप्रीन या संश्लेषित रबराने मात्र हा नियम खोटा ठरविला, आणि म्हणूनच त्याचे कूळ मुळापासून पाहण्याजोगे आहे.

त्या कुळाचे एक मूळ साम्राज्याच्या व्यापारनीतीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर रबराचे भाव कोसळले, तेव्हा मलाया व सिलोन येथील मळेवाल्यांच्या रक्षणार्थ ब्रिटिश सरकारने १९२२ साली स्टीव्हन्सन योजना अमलात आणून निर्यातीवर निर्बंध घातले. परिणामी १९२५ साली भाव पौंडास एका डॉलरपलीकडे गेला, आणि मोटारींच्या टायरांसाठी रबराची सर्वांत मोठी खरेदी करणाऱ्या अमेरिकेस आपल्या परावलंबित्वाची तीव्र जाणीव झाली.

दुसरे मूळ इंडियाना संस्थानातील नोत्र दाम विद्यापीठात सापडते. तेथील कॅथलिक धर्मगुरू ज्युलियस न्यूलँड हे वनस्पतिशास्त्राचे तसेच रसायनशास्त्राचे व्यासंगी असून, ॲसिटिलीन वायूच्या अभ्यासात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली होती. क्युप्रस क्लोराइडाच्या सान्निध्यात या वायूचे रेणू परस्परांशी जोडले जातात, हे त्यांना आढळले. डिसेंबर १९२५ मध्ये रोचेस्टर येथील परिषदेत त्यांनी ते मांडले, तेव्हा श्रोत्यांत ड्यू पाँट कंपनीचे एल्मर बोल्टन उपस्थित होते, आणि ज्या संशोधनामागे रबराचा विचारही नव्हता त्यात रबराचे बीज असल्याचे त्यांनी तत्काळ ताडले.

विल्मिंग्टन येथील त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली काम करणारे आर्नल्ड कॉलिन्स यांना १९३० साली ॲसिटिलीनजन्य द्रवांच्या शुद्धीकरणात एक अपरिचित द्रव मिळाला, आणि काही काळ तसाच राहू दिल्यावर तो घट्ट होऊन त्याचा उसळी घेणारा गोळा बनला. न्यूलँड यांच्या त्या जोडणीतून मिळणाऱ्या व्हिनाइल ॲसिटिलीनाशी हायड्रोजन क्लोराइडाचा संयोग होऊन बनणारे क्लोरोप्रीन ते हेच. त्याच्या रेणूंची शृंखला म्हणजे हे नवे रबर. १९३१ साली ते ‘ड्युप्रीन’ या नावाने जाहीर झाले व पुढे निओप्रीन म्हणून रूढ झाले.

परंतु तोवर नैसर्गिक रबराचे भाव पुन्हा कोसळले होते आणि हा नवागत त्याहून कितीतरी पटींनी महाग होता. तरीही गिऱ्हाईक मिळाले, याचे कारण त्याच्या घटनेत आहे. क्लोरोप्रीनच्या वजनात सुमारे ४० टक्के असलेल्या क्लोरिनामुळे, ज्या खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगून निकामी होते त्यात हे बऱ्याच अंशी टिकते. ऊन व ओझोन यांनी त्यास सहजी भेगा पडत नाहीत, आणि ज्वाळा दूर होताच ते बहुधा आपोआप विझते. बेंझीनसारख्या द्रावकांपुढे ते हतबल होते व कडाक्याच्या थंडीत ताठरते, हेही नमूद केले पाहिजे. तरी तेलाच्या नळ्या, यंत्रांचे पट्टे, केबलींची आवरणे, पादत्राणांचे तळ चिकटविणारी खळ आणि पुलांच्या तुळया व खांब यांमध्ये बसविण्याची बेअरिंगे, इतका त्याचा अधिकार विस्तारला. विसाव्या शतकाच्या मध्यास भौतिकीज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी त्याच्या फेसाळ प्रकारातून पाणबुड्यांचा पोशाख सिद्ध केला, ज्यातील बंदिस्त वायूचे बुडबुडे थंड पाण्यातही शरीराची ऊब राखतात.

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया जिंकला, तेव्हा टायरांची मुख्य कामगिरी स्टायरिन-ब्युटाडाइन रबराकडे गेली. म्हणजे ज्या चिंतेतून निओप्रीनचा शोध सुरू झाला, तिचे निवारण दुसऱ्यानेच केले. तथापि निओप्रीनचे स्थान अबाधित राहिले, कारण निसर्गाची नक्कल करण्यास निघालेल्या शास्त्राने येथे निसर्गाच्या रबरात नसलेले गुण निर्माण केले होते, आणि बदली म्हणून नेमलेल्या या पदार्थास कायमची सनद मिळाली ती त्याच गुणांच्या बळावर.